घराण्याचा माग काढताना: निधनवार्ता, नाशिकची वही, कोतवाल बुक की फेरफार?

तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावातलं आपलं घराणं शोधायचं ठरवलं की पहिला प्रश्न पडतो तो सुरुवात कुठून करायची हा. सुट्टी चार दिवसांची असते आणि दप्तरं चार ठिकाणी असतात. मी चारही ठिकाणी गेलो आहे. माझं मत आधीच सांगतो. किती पिढ्या मागे जायचं एवढंच हवं असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठा, तिथे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंचे पुरोहित, आलेल्या घराण्यांच्या नावांची वही ठेवतात. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर कोतवाल बुकासाठी तहसील कार्यालयात जा. पण एका पिढीतली माणसं कुठे कुठे पांगली, लेकी कुठे दिल्या, घर गावात कशामुळे ओळखलं जायचं हे कळायला हवं असेल, तर वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढा. तिथल्या निधनवार्तेची सर मला दुसऱ्या कशालाच आलेली दिसली नाही.

साधी सहा ओळींची बातमी घ्या. ‘वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे. येथील अडत व्यापारी अमुक यांचे ते सासरे होत. रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी.’ यात हयात माणसांची मोजदाद आहे, जावयाचा धंदा आहे आणि गावही आहे. आमच्या पणजोबांच्या बातमीत ‘तीन मुली’ असं छापलेलं होतं. घरात तोवर सगळ्यांना वडिलांच्या दोनच आत्या माहीत होत्या.

ही बातमी सापडायला मात्र वेळ लागला. घरात सांगत की पणजोबा भूकंपाच्या साली, पौषात गेले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणून मी १९६७ ची फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली. त्या वर्षीचा पौष जानेवारी १९६८ मध्ये आला होता, हे जुनं पंचांग उघडल्यावर लक्षात आलं. श्राद्धामुळे तिथी घराघरांत पक्की असते, साल मात्र ‘पानशेत फुटलं तेव्हा’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असं सांगितलं जातं. तिथी आणि साल जुळवून तारीख काढा आणि तिथून पुढचे पंधरा दिवस बघा. गावच्या वार्ताहराचा मजकूर टपालाने जायचा, त्यामुळे बातमी आठवडाभर उशिराही छापून येई. ‘शनिवारी निधन झाले’ यातला शनिवार नेमका कुठला, हे अंकाच्या तारखेवरून मागे मोजून ठरवावं लागतं. बातमी नाहीच सापडली तर बरोबर वर्षाने ‘प्रथम पुण्यस्मरण’ आलंय का पाहा. त्यात बहुधा फोटोही असतो.

निधनवार्तेची मोठी उणीव म्हणजे ती सगळ्यांची छापून येत नसे. जुन्या अंकांत वकील, डॉक्टर, मास्तर, सावकार, स्वातंत्र्यसैनिक यांची नावं दिसतात. शेतमजुराच्या घरातलं माणूस गेलं तर त्याची बातमी होणं दुर्मिळ. बायकांच्या बाबतीत तर ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढंच छापलेलं असतं, त्यांचं स्वतःचं नावही नसतं. वयही घरच्यांनी सांगितलेलं असतं, त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. शिवाय समाजागणिक शब्द बदलतात. फक्त ‘कै.’ शोधत गेलात तर बौद्ध घरातलं ‘कालकथित’ आणि मुस्लिम घरातलं ‘पैगंबरवासी’ नजरेतून निसटतं.

नाशिकची वही याच्या अगदी उलट. तीर्थोपाध्याय आधी मूळ गाव आणि आडनाव विचारतात आणि मग त्या गावाची वही काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजाने भाऊ, मुलगे, पुतणे यांची नावं सांगून खाली सही केलेली असते. जुनी पानं मोडीत असतात. खापरपणजोबांचं अक्षर समोर आलं तेव्हा मला बराच वेळ बोलता आलं नाही. त्या दिवशी आमच्या चार पिढ्या उलगडल्या, पण त्यांत घरातली एकही लेक नव्हती. आणि वहीत नोंद असते ती यात्रेला गेलेल्यांची. ज्या समाजांना देवळाची दारंच बंद होती, ज्यांना याच नाशिकला १९३० मध्ये काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांनी इथे काही सापडेलच असं धरून चालू नये.

अशा घरांसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदवही (गाव नमुना १४), जास्त न्यायाचं. गावात जन्मलेल्या-मेलेल्या कुणाचीही नोंद त्यात होऊ शकते, जातीसकट. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, एकाच घरातल्या तीन-चार ओळी लागोपाठ दिसतात, तेव्हा बोट तिथेच थांबतं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते, म्हणून नुसतं बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर असे बरेच कागद स्कॅन झाले. तेव्हा तहसीलला हेलपाटा घालण्याआधी जिल्ह्याचं संकेतस्थळ बघून घ्या. १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे मिळतात.

फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदवहीला, बहुतेक जण जमिनीच्या भांडणापुरताच हात लावतात. ती तिसरी आत्या मात्र तिथेच सापडली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारस नोंदीत मुलींची नावं लागू लागली. पुढे त्यांनी भावांच्या नावे हक्कसोड लिहून दिलं, म्हणजे आपल्या वाट्याचा हक्क सोडला, तर त्यात त्यांचं सासरचं नाव आणि गाव येतं. निधनवार्तेने फक्त ‘तीन’ हा आकडा दिला होता, हक्कसोडीने तिचं नाव आणि गाव दिलं. घराला जमीनच नसेल तर अर्थात ही वाट बंद.

म्हणून दोनच दिवस असतील तर पहिला वाचनालयाला द्या आणि दुसरा फेरफाराला. पुण्याचं नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय ही एकोणिसाव्या शतकातली ग्रंथालयं. जिल्ह्याच्या ठिकाणचं असं जुनं ग्रंथालय आधी गाठा, कोणत्या सालच्या फायली आहेत ते फोनवर विचारून मगच निघा. मी पाहिलेल्या एका फायलीत नेमक्या पानाचा कोपरा कुणीतरी कात्रीने कापून नेला होता. अशा वेळी त्याच भागातलं दुसरं दैनिक मागा. आणि फोटो काढताना बातमीबरोबर पानावरची तारीख आणि वर्तमानपत्राचं नावही त्यात येऊ द्या. माझ्याकडे नुसत्या बातमीचे अकरा फोटो आहेत, त्यांतल्या चारांची तारीख मला आजही लागलेली नाही.