घडीचा ॲल्युमिनियम ईझल: व्हॅक्सिन डेपोत चालतो, जांबोटीच्या मातीत अडतो

के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार ज्या बेळगावात घडले, तिथे झाडाखाली बोर्ड मांडून लँडस्केप करणाऱ्याकडे लोक आजही कुतूहलापेक्षा आपुलकीनेच पाहतात. अशा कामासाठी ऑनलाइन १,५०० रुपयांच्या आत मिळणारा तीन पायांचा घडीचा ॲल्युमिनियम ईझल (चित्राचा बोर्ड टेकवायची घोडी) मी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातील झाडीत आणि खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, अशा दोन्हीकडे वापरला. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच घडणीचे ईझल अनेक नावांनी विकले जातात.

वजन कमी असल्याने तो खांद्याला लावून स्कूटरवरून सहज नेता येतो आणि दोन मिनिटांत उभा राहतो. तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्यांना एवढ्या किमतीत याहून फार अपेक्षा ठेवता येणार नाहीत.

जलरंगाचे मात्र तसे नाही. जलरंगात बोर्ड जवळजवळ आडवा, फार तर १५ अंशांच्या उतारावर लागतो. तेवढ्या उतारावर वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थराच्या, खालच्या कडेला पाण्याची गोळी धरून राहते आणि पुढचा फटकारा तिलाच जोडून घेता येतो. या ईझलचा मधला दांडा मागे कलतो, परंतु पूर्ण आडवा होत नाही, त्यामुळे आकाशाचा ओला वॉश झाडांच्या रेषेपर्यंत ओघळतो. विक्रेत्याच्या माहितीत ‘जलरंगासाठी उपयुक्त’ असे ठळक लिहिलेले असताना ही उणीव खटकते. मार्चमध्ये कुंचला उचलेपर्यंत कागद सुकत असल्याने ती एक वेळ झाकली जाते; पावसाळ्यात, ३०० जीएसएमच्या जाड कागदावरही पहिला वॉश बराच वेळ ओला राहतो तेव्हा, ती झाकली जात नाही. सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून जुळवलेला दाट झाडीचा हिरवा वरच्या ओल्या निळ्यात मिसळला, की झाडी आणि आकाश यांतला फरकच उरत नाही.

दुसरी अडचण पायांची. डेपोतील टणक पायवाटेवर रबरी टोप्या घट्ट बसतात, परंतु जांबोटीकडच्या जांभ्याच्या ओल्या तांबड्या मातीत त्या रुततात आणि ईझल उचलताना एखादी मातीतच राहते. चोर्ल्याच्या दिशेने मोकळ्यावर वारा असेल, तर मधल्या दांड्याला सामानाची पिशवी टांगावी लागते. त्यासाठी आकडा दिलेला नाही, सुतळीने बांधावी लागते. (भीमगड अभयारण्यात बसून चित्र करायचा विचार असल्यास वन विभागाची परवानगी आधी घ्यावी.)

जलरंगवाल्यांनी, घरात कॅमेऱ्याचा ट्रायपॉड पडून असेल तर, हा ईझल घेऊ नये. हलक्या प्लायवुडच्या बोर्डाला मागून पाव इंची आट्यांचा नट सुताराकडून बसवून घेतला, की बोर्ड ट्रायपॉडच्या डोक्यावर घट्ट बसतो आणि हवा तसा आडवा करता येतो. तैलरंगवाल्यांनी ईझल जरूर घ्यावा. मात्र सोबत येणाऱ्या पिशवीत बोर्ड मावत नाही आणि तिच्या पट्ट्याची शिलाईही कच्ची आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी ती चांभाराकडून पक्की करून घ्यावी.