आरसी ट्रकचे ॲल्युमिनियम शॉक: घडण चांगली, सोबतचे तेल निरुपयोगी

मागच्या चाकांवर चालणाऱ्या, १/१० मापाच्या माझ्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकचे मूळ प्लॅस्टिकचे शॉक, म्हणजे चाकांचे धक्के शोषणाऱ्या तेल भरलेल्या नळ्या, काढून त्याजागी ॲल्युमिनियमचा चार शॉकचा संच बसवला, त्याला आता सहा महिने झाले आहेत. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण जवळजवळ याच घडणीचे संच निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि पुढील गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडतील असे वाटते.

संचातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शॉकच्या अंगावरील आटे आणि त्यांवर फिरणारी, स्प्रिंगला टेकलेली कॉलर (कडी). मूळ शॉकमध्ये चॅसिसची (गाडीच्या सांगाड्याची) उंची बदलण्यासाठी प्लॅस्टिकच्या चकत्या अडकवाव्या लागत. आता कॉलर पाव फेरा फिरवला तरी पुरतो. मात्र कॉलर आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा कमी होते. गाडी मऊ वाटत असेल तर स्प्रिंगच बदलावी; कॉलर ही केवळ उंचीसाठी आहे. ती उंचीही बॅटरी बसवून, गाडी थोडी उचलून सोडून, ती स्थिरावल्यावरच मोजावी. मी मागचे आर्म (चाकाला चॅसिसशी जोडणारे दांडे) जमिनीला साधारण समांतर येतील एवढी उंची ठेवली आहे.

तेलाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. सोबतच्या बाटलीवर कोणताच आकडा नव्हता आणि ते इतके पातळ निघाले की लहानशा उडीनंतरही चॅसिस जमिनीवर आपटत असे. ते काढून पुढे ४५० आणि मागे ३५० सेंटीस्टोकचे (सेंटीस्टोक हे तेलाच्या दाटपणाचे एकक) सिलिकॉन तेल भरल्यावर गाडी ताळ्यावर आली. तेल घेताना ‘वेट’चा (दाटपणाच्या दुसऱ्या मापाचा) आकडा पाहू नये, सेंटीस्टोकचाच पाहावा, कारण एका निर्मात्याचे ३५ वेट दुसऱ्याच्या ३५ वेटशी जुळेलच असे नाही. भरताना पिस्टन (दांड्याच्या टोकाची, तेलात फिरणारी छिद्रांची चकती) सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे, आणि डावा-उजवा शॉक दाबून सोडल्यावर दांडा सारखाच परत येतो का ते ताडून पाहावे. हा भाग कंटाळवाणा आहे खरा, पण यात घाई केली तर पुढची सगळी जुळवाजुळव अंदाजपंचे ठरते.

पिस्टनच्या दोन जोड्या मिळतात, बारीक छिद्रांची आणि मोठ्या छिद्रांची. बारीक छिद्रांचा पिस्टन घालून पाहिला तेव्हा गाडी सपाट मैदानावर फार शांत वाटली. खडबडीत जागी मात्र पिस्टन वेगाने दाबला जाताच तेलाला पुरेशी वाट मिळेना, शॉक क्षणभर आखडू लागला आणि चाके मातीला चिकटून राहण्याऐवजी उसळू लागली. मोठी छिद्रे आणि त्यांना साजेसे किंचित दाट तेल हीच जोडी मला खडबडीत जमिनीसाठी योग्य वाटते.

पुढच्या शॉकसाठी संचातील दोन प्रकारच्या स्प्रिंगपैकी मऊ निवडल्या. कडक स्प्रिंगने गाडी वळायला नाखूश होती. मऊ स्प्रिंगने ती वळणात नाक आत घालते, पण चिकट जमिनीवर भरधाव वळवली तर एका कुशीवर कलते. तेवढ्यासाठी शॉकचे वरचे टोक टॉवरवर (ते जिथे अडकवतात त्या उभ्या पट्टीवर) एक भोक बाहेर सरकवले. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) चारही चाकांना उणे दीड अंशाच्या आसपास आहे. उंची बदलली की तोही बदलतो, म्हणून तो शेवटी मोजावा.

खरी अडचण मागच्या शॉकच्या लांबीची निघाली. ते मूळ शॉकपेक्षा काही मिलिमीटर लांब असल्यामुळे चाक हवेत असताना आर्म गरजेपेक्षा खाली लोंबत असे आणि दुसऱ्याच उडीत ड्राइव्हशाफ्टचे (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचे) टोक ते ज्यात बसते त्या कपातून निसटले. शॉकच्या आत, दांड्यावर पिस्टनच्या खाली एक छोटा स्पेसर (अंतर राखणारी नळी) घातल्यावर हा प्रश्न सुटला. हा स्पेसर संचात देणे किंवा निदान माहितीपत्रकात एक ओळ लिहिणे निर्मात्याला जड नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका शॉकच्या खालच्या सीलमधून तेल पाझरू लागले. उघडून पाहिल्यावर ओ-रिंग (सीलचे रबरी कडे) कोरडीच बसवलेली आढळली. चारही शॉकच्या ओ-रिंग बदलून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावले. त्यानंतर गळती झालेली नाही, फक्त कॉलरच्या आट्यांत बसणारी वाळू दर वेळी ब्रशने काढावी लागते.