टर्मिनल ढिलं होतं आणि मी १८,३०० रुपये देऊन बसलो

लिहू की नको करत पंधरा दिवस गेले, कारण लाज वाटते. मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, दहावीला विद्युतधारा मीच घेतो. तरी फसलो. हसायचं तर हसा, पण वाचा.

पालखीचे दिवस, साताऱ्यात सकाळपासून धो धो पाऊस. आईला मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडे ११ वाजता पोचवायचं होतं. सात वाजता चावी फिरवली तर नुसतं टिक टिक टिक, डॅशबोर्डचे दिवे मंद, इंजिन फिरेना. आता शेंबडं पोरगंही सांगेल की ही बॅटरी किंवा तिला वायर जोडतात ते टर्मिनल. पण आई छत्री घेऊन दारात उभी, नेहमीचा मिस्त्री गावाला, बायको म्हणतेय एसटीने जाऊया का, या गडबडीत मी मोबाईलवर 'जवळचा कार मेकॅनिक' टाकलं आणि वर जो पहिला नंबर आला तो लावला. ४.८ स्टार होते हो! तुम्हीही लावला असता.

वीस मिनिटांत बाईकवर दोघं आले. मोठा माणूस मला सारखं "सर, सर" करत होता. बोनेट उघडलं, मला म्हणाला, सर तुम्ही आत बसा, मी सांगतो तेव्हा चावी मारा. उघड्या बोनेटमुळे समोरचं काही दिसत नाही. मारली. आणि गाडी एकदम गपगार. टिक टिकही नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. "बघा सर, ईसीएम गेलं. पाणी शिरलंय." ईसीएम म्हणजे इंजिनचा कंप्युटर.

इथं, अगदी इथं माझं डोकं चालायला पाहिजे होतं. दोन मिनिटांपूर्वी मंद का होईना दिवे लागत होते, याने हात घातला आणि सगळंच मेलं. ईसीएम इंजिनचं काम बघतं, त्याच्यामुळे आतला छताचा दिवा कशाला विझेल? सगळंच एकदम गेलं म्हणजे सप्लायच तुटलाय, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. त्याने मायनसचं टर्मिनल सैल करून ठेवलं होतं, बस. मग परत सप्लाय आला, का आला ते विचारायचं मला सुचलं नाही, कारण तोवर त्याने स्कॅनर लावून स्क्रीनवर लाल अक्षरात कम्युनिकेशनचे एरर कोड दाखवले होते. व्होल्टेज पडलं की असले कोड येतातच, हे नंतर कळलं.

व्हिजिट ५००, स्कॅनिंग ८००, ईसीएम 'कोल्हापूरच्या लॅबला' पाठवायला ॲडव्हान्स ९,०००. ईसीएम काढून पिशवीत घालून घेऊन गेला. आईची अपॉइंटमेंट बुडाली. तिसऱ्या दिवशी आला, बसवलं, गाडी चालू! बाकीचे ६,५०० आणि 'वायरिंग' म्हणून १,५००. सगळं यूपीआयने. बिल मागितलं तर पॅडवर पेनाने लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही की पत्ता नाही. बिल नाही तर पैसे नाहीत, हे तेव्हाच म्हणा, नंतर नाही.

चार दिवसांनी परत टिक टिक. त्याचा फोन बंद. शेवटी गोडोलीतले एक काका आले, एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. टर्मिनलवर पांढरी बुरशी, क्लॅम्प हाताने फिरतोय. मीटर लावला, ११.९ व्होल्ट. चांगली चार्ज असलेली बॅटरी १२.६ दाखवते. गरम पाण्याने धुतलं, १० नंबरच्या पान्याने आवळलं, दुसऱ्या गाडीवरून जंप दिला, झाली चालू. मग ईसीएमचा डबा काढून दाखवला, कंपनीचं सील जसंच्या तसं. कुणी उघडलंच नव्हतं! काकांनी चहा सोडून काही घेतलं नाही. बॅटरी पाच वर्षांची होती, जुनी देऊन नवी ४,८०० ला बसली.

म्हणून सांगतो, पार्ट डोळ्यांसमोरून हलू देऊ नका, नेलाच तर त्याच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. टिक टिक आली तर आधी हेडलाईट लावून चावी मारा, लाईट एकदम बसली तर बॅटरीकडे बघा. हायवेवर बंद पडली तर हायवेची हेल्पलाईन १०३३.

आता पुढची कथा. पोलीस स्टेशनला गेलो, साहेब पालखी बंदोबस्ताला लोणंदला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नंबर ऑनलाइन मिळाला ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला, काम केलं, गाडी चालू झाली, यात सायबर काय? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन केला, नुसता तक्रार क्रमांक मिळाला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वाले नीट बोलले, पण त्यांना समोरच्याचा पत्ता पाहिजे, आणि पत्ता असता तर मी स्वतःच गेलो नसतो का? चार हेलपाटे, तीन झेरॉक्स सेट, दोन सीएल गेल्या. एक हवालदार तर म्हणाला, "सर, तुम्ही सायन्सचे ना?" मी काय बोलणार. नकाशावर त्याचं नाव अजून दिमाखात आहे, मी टाकलेला एक स्टारचा रिव्ह्यू मात्र दोन दिवसांत गायब.

परवा स्टेशनमधून फोन आला, गाडी घेऊन या, टर्मिनल ढिलं होतं ते दाखवा, पंचनामा करू. म्हटलं साहेब, ते आवळलं की, नवीन बॅटरी बसली. पलीकडून जरा वेळ आवाज नाही, मग म्हणाले, "घट्ट आहे ना आता? मग तक्रार कशाची?"