‘शोलावरमची जावा’ म्हणून मला विकलेली गाडी

मागच्या वर्षी मी २ लाख ८५ हजार रुपये मोजून १९६९ची जावा २५० मोटारसायकल घेतली. आज ती पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी आहे. जुन्या गाडीच्या शोधात असाल, तर इसार देण्याआधी हे वाचा.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. जुन्या मोटारसायकली बांधून विकणं हा त्याचा धंदा. माझ्या वडिलांकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली गाडी होती, हे मी पहिल्याच फोनवर त्याला सांगून बसलो. मग त्याने दाखवलेली गाडी साधी नव्हतीच. ती म्हणे चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत पळालेली. भिंतीवर फ्रेम केलेला फोटोही होता. शोलावरमला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती व्हायच्या हे खरं. पण त्या फोटोत गाडीचा नंबर दिसत नव्हता, आणि मी तो विचारलाही नाही. या एका गोष्टीपायी मी निदान लाखभर रुपये जास्त दिले.

मला गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची होती. केंद्राने जुलै २०२१मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली असावीत, आणि गाडी मूळ रूपात असावी, म्हणजे चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्याने नंबर घ्यायचा तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी २० हजार आणि मुदत १० वर्षं. आधीची नोंदणी असेल तर जुनाच नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली आणि प्रदर्शनाला चालते.

मी चेसिसबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सर, इंग्लंडमध्ये नवीन बनवलेल्या मँक्स नॉर्टन जुन्यांच्या बरोबरीने शर्यतीत पळतात. पार्ट बदलला म्हणून काय झालं?” यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच मी फसलो. मँक्स ही नॉर्टन या ब्रिटिश कंपनीची शर्यतीची मोटारसायकल, कंपनीने ती बनवणं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबवलं. तिथल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत गाडीची रचना त्या काळासारखी आहे का हे बघतात, त्यामुळे हुबेहूब नवी गाडीही बसते. आपल्याकडचा नोंदणीचा नियम मात्र त्याच चेसिसची आणि त्याच इंजिनाची चौकशी करतो. त्याने एका नियमाची सूट दुसऱ्याला लावून दाखवली आणि मी मान डोलावली.

कागद बघितले होते. जुनं आरसी बुक अस्सल होतं, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट तयार. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी सापडेना. “जुन्या गाड्यांची बॅकलॉग एंट्री झालेली नसते,” तो म्हणाला, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवलेली नसते. तसं खरोखरच होतं. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंटही (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) त्याने आधीच काढून ठेवला होता. माझी सगळ्यात मोठी चूक ही. तो प्रिंट मी माझ्या हाताने काढायला हवा होता.

नोंदणीच्या तपासणीआधी मी गाडी मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. चाचांनी चाळीस वर्षं जावा आणि त्याच कारखान्यातल्या नंतरच्या येझदी, एवढ्याच गाड्या उघडल्या आहेत. त्यांनी टाकी उतरवली, हँडलच्या गळ्याजवळचा रंग पातळ सँडपेपरने घासला आणि बोटाने दाखवलं. नंबराचा तुकडा चौकोनी कापून दुसऱ्या फ्रेमवर वेल्ड केला होता, वर पुट्टी. “हा पत्रा १९६९चा असेल. गाडी नंतरची येझदी आहे,” चाचा म्हणाले. इंजिनाच्या केसिंगवरचा आकडा घासून नव्याने पंच केलेला. अक्षरांची खोली सारखी नव्हती, हे मग मलाही दिसलं. टाकी, मडगार्ड, बाहेरची कव्हरं तेवढी खरी जावाची.

म्हणजे व्हिंटेज नोंदणी राहिली बाजूला, नंबर बदललेली गाडी माझ्या ताब्यात होती. मी त्याच आठवड्यात तक्रार दिली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागलं. विकणाऱ्याचं म्हणणं, गाडी त्याला अशीच मिळाली. व्यवहारातले दीड लाख मी रोख दिले होते, त्याची पावती नाही.

तुम्ही जाल तेव्हा ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, टाकी उतरवायला लावा. विकणारा “रंग खराब होईल” म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आरसीवरच्या मालकाच्या घरी जा. मी गेलो, पण उशिरा. त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबांची गाडी आम्ही भंगारात घातली होती. कागद त्याच्यासोबतच गेले असतील.” मग आत जाऊन त्याने वडिलांचा गाडीवरचा फोटो आणला. त्यात नंबर स्वच्छ वाचता येत होता.