ठाणे-ऐरोली रोज सायकलने: एक पावसाळा आणि नंतरचे काही महिने, काय टिकलं काय नाही

नौपाडा, कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली. हा माझा ऑफिसचा रस्ता, एका बाजूने दहा-बारा किलोमीटर. सायकल हायब्रिड आहे, मागे ८ गियर, मेकॅनिकल म्हणजे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ चे टायर. कंपनी कुठली ते सांगत नाही कारण या किमतीत सगळ्यांना साधारण तेच पार्ट लागलेले असतात आणि प्रश्न सायकल कुठली घेऊ हा नाहीचे, घेतल्यानंतर तिच्यावर पैसे कुठे घालायचे हा आहे.

मे महिन्यात ऑफिसमधल्या दोघातिघांनी एकच सल्ला दिला, मागचा अल्टस डेरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शिमानोचा) काढ, त्याच्या वरच्या दर्जाचा एसेरा टाक, शिफ्टिंग एकदम मख्खन होईल. मी तो खर्च केला नाही. त्या पैशात फुल मडगार्ड, चेनचं सामान आणि त्यात थोडी भर घालून चांगले टायर घेतले. आता पावसाळा आणि त्यावर बरेच महिने गेल्यावर सांगतो की आपल्या रस्त्यांवर गियरचा दर्जा हा शेवटी बघायचा विषय आहे. आधी चिखल आणि रेती चेनपासून लांब ठेवा, अल्टससुद्धा लोण्यासारखा चालतो.

तर मडगार्ड. सीटखाली अडकवायची ती प्लॅस्टिकची छोटी पट्टी मिळते ना, ती पँट वाचवते, सायकल वाचवत नाही. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी थेट पायांवर आणि पेडलजवळच्या दातेरी चक्रावर येतं, आणि ते नुसतं पाणी नसतं, दिघ्याच्या बाजूला डंपरमधून सांडलेली खडी आणि क्रशची पावडर त्यात कालवलेली असते. म्हणून दोन्ही चाकांना पूर्ण गोलाई झाकणारे, तारेच्या दांड्यांनी धुरीजवळ बोल्ट होणारे मडगार्ड पाहिजेत. घेताना दोन गोष्टी बघा. फ्रेमला आणि फोर्कला त्यासाठी भोकं आहेत का, आणि टायरपेक्षा मडगार्ड किमान सेंटिमीटरभर तरी रुंद आहे का. ३५ च्या टायरला ४५ चा मडगार्ड मी बसवलाय.

पण विकत मिळणाऱ्या बहुतेक मडगार्डचा पुढचा फ्लॅप आखूड असतो, जमिनीपासून वीतभर वर संपतो. मी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचा तुकडा कापून दोन बोल्टने खाली जोडला, आता फ्लॅप जमिनीपासून चार बोटांवर येतो. दिसायला भंगार दिसतं, सोसायटीतली पोरं हसतात, पण ऐन जुलैत बूट कोरडे राहिले (वरून पडणाऱ्या पावसाचं काही सांगत नाही मी, तो तर सगळीकडूनच येतो). अजून एक, मडगार्डच्या बोल्टला नायलॉनवाले नट लावा. साधे नट पेव्हर ब्लॉकच्या धडधडीने सुटतात आणि दांडी स्पोकमध्ये गेली तर पुढचं चाक जागीच अडतं. पेव्हर ब्लॉकवर खडखड मात्र होतेच, दांडी आणि मडगार्डच्या मध्ये जुन्या ट्यूबचा रबराचा तुकडा घातला की कमी होते, पूर्ण जात नाही.

आता चेन, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

कळव्याला एक काका आहेत, त्यांचं रिम आउट काढायचं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायचं काम बघत बसावं असं आहे, स्पोकवर बोट फिरवून आवाजावरून सांगतात कुठला ढिला आहे. पण चेनच्या बाबतीत आमचं पटत नाही. त्यांच्या मते चेनला तेल म्हणजे मोटरसायकलचं काढलेलं ऑइल, ब्रशने वरून चोपडायचं. "साहेब, चेन काळी असली म्हणजे तेल आहे समजायचं." मी म्हटलं काका, काळं दिसतंय ते तेल नाही, रेती आणि घासलेलं लोखंड आहे. ते नुसते हसले आणि पुढच्या सायकलकडे वळले.

चेनला तेल लागतं ते आत, रोलर आणि पिनच्या मध्ये. बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल काहीच कामाचं नाही, उलट ते धूळ धरतं आणि तेल अधिक रेती म्हणजे व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते. ती पेस्ट पिना झिजवते. पिना झिजल्या की चेन लांब होते, लोक म्हणतात चेन ताणली गेली, तर पट्टी कुठे ताणली जात नाही, प्रत्येक पिनेत केसाएवढी झीज झाली की शंभरावर पिनांची मिळून लांबी वाढते. मग लांब झालेली चेन मागच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) दात आपल्या मापाने झिजवते, आणि तुम्ही नवीन चेन टाकली की ती त्या दातांवर बसत नाही, जोर दिला की खट्‌कन सटकते. मग चेनबरोबर कॅसेट पण घ्या, मग पेडलजवळचं पुढचं चक्र पण. सगळा खर्च चेन उशिरा बदलण्याचा आहे.

मोजायला फार काही लागत नाही. सायकलच्या चेनची पिच अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, सगळ्याच गियरच्या सायकलींना तीच. स्टीलची पट्टी घ्या, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचावर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. ती पिन १२ च्या पुढे एक सोळांश इंच गेली म्हणजे अर्धा टक्का झीज, एक अष्टमांश गेली म्हणजे एक टक्का. ८, ९ गियरवाल्यांनी पाऊण टक्क्याला बदलावी, ११ आणि १२ गियरच्या चेन बारीक असतात, त्यांना अर्ध्या टक्क्यालाच. चेन चेकर नावाची लोखंडी पट्टी मिळते, ०.५ आणि ०.७५ लिहिलेली असते, टोक आत पडलं की चेन गेली. ती स्वस्त आहे, घेऊन टाका, पट्टीने मोजताना डोळे फुटतात. माझी मूळ चेन गणपतीच्या सुमारास पाऊण टक्क्याला आली तशी काढली, केएमसीची ८ स्पीडची टाकली, जुन्या कॅसेटवर ती पहिल्या दिवसापासून नीट बसली. एकही दात बदलावा लागला नाही, यासाठीच तर मोजायचं. त्यासोबत जोडायची कडी येते, मिसिंग लिंक म्हणतात, तिच्यामुळे चेन काढणं-घालणं इतकं सोपं होतं की धुवायचा कंटाळा येत नाही.

तेल कुठलं? पावसात वेट ल्यूब, म्हणजे घट्ट, चिकट, पाण्याने लवकर न निघणारं. चेन पुसून कोरडी करून प्रत्येक रोलरवर एकच थेंब, पेडल उलटं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी बाहेरून फडक्याने घट्ट पुसून काढायचं. ही शेवटची पायरी सगळे सोडतात, आणि तीच महत्त्वाची. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी ४० मारून समाधान मानणारे पण बघितलेत. तो साधा स्प्रे पाणी घालवायला आहे, नावातच डब्ल्यूडी म्हणजे पाणी विस्थापन, भिजलेल्या चेनवर मारून पाणी बाहेर काढा आणि मग त्यावर तेल घाला, नुसत्या त्याच्यावर चेन दोन दिवसात कोरडी बोंबलते.

दिवाळीनंतर मेण करून बघितलं. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, चेन त्यात दोन-तीनदा खळबळून, पूर्ण वाळवून, वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवली. पॅराफिन साधारण ६० डिग्रीच्या आसपास वितळतं, थेट गॅसवर ठेवायचं नाही, पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा. आईने ते पातेलं बघितलं आणि "हे आता परत ओट्यावर आणायचं नाही" एवढंच बोलली, तेव्हापासून पातेलं माझ्याच टूलबॉक्सशेजारी असतं. पण निकाल खरंच भारी. चेन हाताला लागली तरी बोट काळं होत नाही, धूळ चिकटत नाही, आवाज नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मी मेणच ठेवणार. पावसात मात्र नाही, मेण पाण्यात धुऊन निघालं की रात्रीतून चेनवर नारिंगी गंज दिसायला लागतो, नोव्हेंबरात एकदा अवकाळी सरीत भिजली तेव्हा नेमकं हेच झालं. त्यामुळे जून ते सप्टेंबर तेल, बाकी मेण.

धुताना एकच सांगतो, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरखाली सायकल धरू नका. ते पाणी हबच्या (चाकाचा मधला भाग) आणि बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्यांची धुरी ज्यात फिरते ते बेअरिंग) सीलमधून आत जातं आणि ग्रीस बाहेर. बादली, मग, जुना टूथब्रश, बास. तसंच विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचतं तेव्हा, हब बुडेल इतकं असेल तर मी थांबतो नाहीतर उतरून कडेने उचलून नेतो. हब कप-कोनवाले, म्हणजे सुट्या छर्र्यांचे असले तर पावसानंतर एकदा उघडून घ्या. पुढे सहसा ३/१६ इंचाचे १० छर्रे एका बाजूला, मागे १/४ इंचाचे ९. छर्रे स्वस्त असतात, जुनेच परत घालू नका, नवीन छर्रे नवीन ग्रीस, आणि कोन असा आवळायचा की धुरी बोटाने फिरवली तर फिरावी पण हलवली तर हलू नये. मला स्वतःला हे जमायला वेळ लागतो, काका दोन मिनिटात करतात.

ब्रेकबद्दल. मेकॅनिकल डिस्कमध्ये बऱ्याच स्वस्त कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) एकच पॅड सरकतं, बाहेरचं. आतलं पॅड जागेवर असतं, ते स्क्रूने आत घ्यावं लागतं, चाकाच्या स्पोकमधून ॲलन की घालून. दुकानात काय करतात, पॅड झिजलं की केबल ओढतात. केबल ओढत गेलं की एक दिवस लिव्हर दाबून हँडलला टेकतं आणि ब्रेक लागत नाही, कारण बाहेरचं पॅड डिस्कला दाबून वाकवतंय आणि आतलं अजून लांबच आहे. आधी आतला स्क्रू, मग केबल, हा क्रम. रेझिनचे पॅड पावसात फार लवकर संपतात, माझे पहिले पॅड पावसाळा संपायच्या आत गेले, मग मेटलवाले टाकले, ते जास्त टिकतायत पण ओले असताना किंचाळतात, सिग्नलला लोक वळून बघतात. त्याआधी डिस्कवर रेझिन ओन्ली असं कोरलंय का ते बघा, असेल तर त्या डिस्कवर मेटल पॅड चालत नाहीत. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर राहिला की बदला. आणि चेनला स्प्रेचं तेल मारताना मागची डिस्क झाका, काकांचं हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं: "डिस्कला तेल लागलं की पॅड गेलं समजा."

टायर श्वाल्बे मॅरेथॉन प्लस. याच्यात ट्रेडखाली ५ मिमी जाडीचा रबरी थर असतो. घेताना किंमत बघून पोटात गोळा आला, साध्या टायरच्या कितीतरी पट आहे, आणि एकेक टायर किलोच्या आसपास, वेग धरायला सायकल आळशी होते. कळवा पुलाच्या चढावर ते कळतं. पण ठाणे-बेलापूर रोडला एमआयडीसीचे ट्रक, आणि ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या बारीक स्टीलच्या तारा रस्त्यावर पडतात, त्या टायरमध्ये टोचून राहतात आणि दोन दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतात. साध्या टायरवर या तारांनी वैताग आणला होता, यावर आजवर पंक्चर नाही. दर रविवारी टायरवर नखं फिरवून तारा, काचा चिमट्याने काढतो ते वेगळं. इतक्या लांबच्या रस्त्यावर मधले पंक्चरवाले सायकलचं चाक हातात घ्यायला तयार नसतात म्हणून हा खर्च मला पटला. घरापासून दोन-तीन किलोमीटरच जायचं असेल तर नका घेऊ, उगाच वजन.

ट्यूब मोटरसायकलसारख्या वॉल्वची, म्हणजे श्रेडर घ्या, कुठेही हवा भरता येते. पण पेट्रोल पंपावरच्या अंदाजावर जाऊ नका, ३५ च्या टायरला मी मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय ठेवतो, त्यासाठी घरी गेजवाला उभा पंप लागतोच.

बाकी पटापट. जेलचं सीट कव्हर: पावसात स्पंज होतो, काढून फेकलं. पाठीवरची सॅक: घामाने शर्ट जातो, कॅरियरला लटकवायची गुंडाळून बंद होणारी बॅग त्यापेक्षा कधीही बरी, फक्त टाच तिला लागत नाही ना ते दुकानातच बसून बघा. लाईट: मागचा चांगला चालतोय, पुढच्याच्या चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण ऑगस्टमध्येच ढिलं झालं, त्यावर इन्सुलेशन टेप आहे तेव्हापासून. पुढचा लाईट खाली वळवून लावा, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका. घंटी पितळेची घ्या, कळव्याच्या मार्केटात तीच ऐकू येते.

आता राहिलंय बीबी. जोर दिला की उजव्या पेडलच्या वेळी कट्‌ आवाज येतोय, पेडल काढून ग्रीस लावून बसवलं तरी गेला नाही, क्रँकचे (पेडलचे दांडे) बोल्ट आवळून बघितले तरी नाही. सीलबंद कार्ट्रिजवाली आहे, आत काही दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलायची. फ्रेमची नळी मोजली, ६८ मिमी आहे, जुनी काढली की तिच्यावरची धुरीची लांबी वाचून तशीच आणणार. कोणी घरी करणार असेल तर लक्षात ठेवा, पेडलमध्ये डावीकडचे आटे उलटे असतात आणि या प्रकारच्या बीबीमध्ये उजवीकडचे. मे संपायच्या आत हे काम उरकायचंय.