एचआरला जोडलेलं अकाउंट ऑटोमेशन: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

नवीन माणूस जॉइन झाला की त्याचं लॉगिन, मेल, ग्रुप, लायसन्स सगळं हाताने करायचं, ही पद्धत आम्ही बंद केली आणि एचआरच्या सॉफ्टवेअरला थेट जोडलेलं ऑटोमॅटिक सेटअप घेतलं. आता बऱ्यापैकी महिने झालेत, जॉइन होणारे, डिपार्टमेंट बदलणारे, सोडून जाणारे आणि परत येणारे असे सगळे प्रकार त्यातून जाऊन झालेत, म्हणून सविस्तर लिहितेय. प्रॉडक्टचं नाव देत नाही कारण मला जे सांगायचंय ते लॉगिन आणि हक्क सांभाळणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, मायक्रोसॉफ्टचं एंट्रा घ्या, ऑक्टा घ्या नाहीतर ओपन सोर्समधलं मिडपॉइंट घ्या, थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू होतं.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. एचआरने सिस्टीममध्ये माणूस भरला की डिरेक्टरीत, म्हणजे कंपनीच्या सगळ्या अकाउंटच्या मुख्य यादीत, अकाउंट तयार होतं, डिपार्टमेंट बघून तो आपोआप ग्रुपमध्ये जातो, ग्रुपवरून लायसन्स लागतं आणि जी ॲप्स एससीआयएम (एका सिस्टीमवरून दुसरीत युजर तयार आणि बंद करायची ठरलेली पद्धत) बोलतात त्यांच्यात पण युजर तयार होतो. एससीआयएम २.० हे स्टँडर्ड २०१५ मध्ये आलं, त्याचे अधिकृत दस्तऐवज आरएफसी ७६४३ आणि ७६४४, त्यामुळे आता बहुतेक मोठ्या ॲप्सना ते येतं. फक्त घेण्याआधी एक गोष्ट तपासा, बरीच ॲप्स सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळी ॲप्स उघडणं) आणि एससीआयएम फक्त वरच्या महागड्या प्लॅनमध्ये देतात, म्हणजे ऑटोमेशनचं टूल घेतलं तरी खालच्या प्लॅनवरच्या ॲपमध्ये अकाउंट हातानेच करावं लागतं आणि मुख्य म्हणजे हातानेच बंद करावं लागतं. आम्ही अशा ॲप्सची यादी करून ठेवलीय आणि माणूस सोडून गेला की टूल त्या प्रत्येक ॲपच्या मालकाला आपोआप टिकीट टाकतं. हे फार उपयोगी पडलं.

पहिल्या दिवसाचा पासवर्ड हा तर जुना त्रास होता. मॅनेजरला मेल, मॅनेजर तो चॅटवर नवीन माणसाला पाठवणार, मग तो पासवर्ड चॅटमध्ये कायमचा पडून. आता टेम्पररी ॲक्सेस पास देतो, म्हणजे ठराविक वेळापुरता चालणारा कोड, एंट्रामध्ये तो १० मिनिटांपासून ३० दिवसांपर्यंत ठेवता येतो आणि एकदाच वापरता येईल असंही करता येतं. त्या कोडने आत जाऊन माणूस स्वतःची पासकी (फोन किंवा लॅपटॉपमधली डिजिटल किल्ली) किंवा ऑथेंटिकेटर ॲप लावतो, पासवर्ड कुणाला कळण्याचा प्रश्नच येत नाही. वेळ मात्र खूप मोठा ठेवू नका, कोड जॉइनिंगच्या दिवशी सकाळी द्या आणि दिवसभर पुरेल इतकाच ठेवा.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. डेमोमध्ये तुम्हाला जे दाखवतात ना, एचआरमध्ये नाव टाकलं आणि बघा झालं अकाउंट, तो या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. परमनंट माणसाची एचआरमध्ये नोंद असते, त्याचा पगार तिथून निघतो, त्यामुळे त्याने राजीनामा दिला की कुणीतरी ती नोंद बंद करतंच. कॉन्ट्रॅक्टरचं तसं नाही. तो पर्चेसच्या कागदात असतो, नाहीतर एजन्सीच्या यादीत असतो, नाहीतर नुसता कुणाच्या तरी मेलमध्ये असतो. त्याचं काम संपलं हे फक्त त्याच्या टीमला माहीत, आणि टीम पुढच्या कामाला लागलेली असते. म्हणजे टूल कितीही भारी असो, त्याला कळणारच नाही की हा माणूस आता नाहीये, कारण सांगणारं कुणीच नाही.

आणि पडून राहिलेलं अकाउंट किती महाग पडू शकतं याचं उदाहरण सगळ्यांनी वाचलेलं आहे, मे २०२१ मधलं अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन पाइपलाइनच्या कंपनीवरच्या सायबर हल्ल्याचं. हल्लेखोर ज्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा रस्ता) अकाउंटने आत आले ते वापरात नव्हतं पण चालू होतं आणि त्याला फक्त पासवर्ड होता, दुसरा फॅक्टर, म्हणजे मोबाइलवरच्या कोडसारखी दुसरी खात्री, नव्हता. तेवढ्यावर पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली आणि ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे साधारण ४४ लाख डॉलर खंडणी दिली गेली. मॅनेजर लोक कॉन्ट्रॅक्टरच्या तारखा भरायला कंटाळा करतात तेव्हा मी हेच उदाहरण देते.

आमच्याकडे जे चाललं ते असं. कॉन्ट्रॅक्टरसाठी वेगळा फॉर्म, त्यात दोन रकाने भरल्याशिवाय अकाउंट तयारच होत नाही, एक शेवटची तारीख आणि दुसरा त्याची जबाबदारी घेणारा आपला परमनंट माणूस, आम्ही त्याला स्पॉन्सर म्हणतो. तारीख जास्तीत जास्त ९० दिवस पुढची. तारीख जवळ आली की स्पॉन्सरला मेल जातो, त्याने मुदत वाढवली तर ठीक, काहीच केलं नाही तर अकाउंट बंद. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. आधी उलटं होतं, दर तिमाहीला मॅनेजरला यादी जायची आणि ज्यांना काढायचंय त्यांच्यावर टिक करा म्हणायचो, तर लोक सगळ्यांना अप्रूव्ह करून मोकळे व्हायचे, कारण कुणाला काढलं आणि काम अडलं तर शिव्या त्यांनाच. उत्तर दिलं नाही तर बंद, असं केल्यावर पहिल्यांदा यादी खरी व्हायला लागली. सुरुवातीला ओरड झाली, एकदोन लोकांचं लॉगिन कामाच्या मध्यात बंद पडलं, पण बंद केलेलं अकाउंट परत चालू करायला दोन मिनिटं लागतात. आणि स्पॉन्सर स्वतःच सोडून गेला तर त्याचे सगळे कॉन्ट्रॅक्टर त्याच्या मॅनेजरच्या नावावर गेले पाहिजेत, हा नियम टूलमध्ये मुळात नव्हता, आम्ही वेगळा बसवला. तुम्ही घेताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

तारखेचाच अजून एक बारीक मुद्दा जो खूप लोकांना माहीत नसतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (मायक्रोसॉफ्टची ऑफिसच्या नेटवर्कमधली डिरेक्टरी) स्क्रीनवर तुम्ही अकाउंटची मुदत ३१ तारखेच्या शेवटी असं निवडलं तर आत पुढच्या दिवसाची मध्यरात्र साठवली जाते, म्हणजे ३१ ला माणूस दिवसभर काम करू शकतो. पण तेच पॉवरशेलने, म्हणजे कमांड लिहून, नुसती ३१ तारीख दिली तर ३१ ची सुरुवातीची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी बिचारा लॉगिनच करू शकत नाही. वर काही क्लाउड टूल तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजतात, त्याने अजून काही तास इकडेतिकडे होतात. शेवटच्या दिवशी माणूस हँडओव्हर देत असतो, तेव्हाच त्याला बाहेर काढणं हे वाईट दिसतं आणि कामाचंही नुकसान होतं. खरेदीच्या आधी एक टेस्ट अकाउंट करून हे स्वतः बघा.

अकाउंट बंद केलं म्हणजे माणूस बाहेर गेला असंही नाही बरं का. आधीच मिळालेलं टोकन, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणारा डिजिटल पास, चालतच राहतं, एंट्रामध्ये ॲक्सेस टोकन साधारण तासभर ते दीड तास जगतं, ऑफिसच्या नेटवर्कमधलं कर्बेरॉस या लॉगिन पद्धतीचं तसंच तिकीट डिफॉल्टला १० तास, आणि काही ॲप्सचं स्वतःचं सेशन तर कित्येक दिवस. म्हणून नुसतं डिसेबल न करता सेशन रिव्होक करण्याची, म्हणजे चालू असलेलं लॉगिन तोडण्याची, पायरी वर्कफ्लोमध्ये घाला, विशेषतः ज्यांना अचानक काढावं लागतं त्यांच्यासाठी. डिलीट मात्र लगेच करू नका. एंट्रामध्ये डिलीट केलेला युजर ३० दिवस परत आणता येतो, गुगल वर्कस्पेसमध्ये २०, त्यानंतर फाइल्स आणि मेल शोधत बसणं म्हणजे डोकेदुखी.

डिपार्टमेंट बदलणाऱ्यांचं काम आमच्याकडे अजून अर्धवटच आहे, खरं सांगायचं तर. नवीन ग्रुप लगेच मिळतात पण जुने सुटतात ते फक्त डिपार्टमेंटवरून आपोआप मिळालेले, कुणीतरी मागून घेतलेले हक्क तसेच चिकटून राहतात. वर डिपार्टमेंटचं नाव एचआरमध्ये कुणी वेगळ्या स्पेलिंगने लिहिलं की माणूस ग्रुपमधून गळतो. नावाऐवजी डिपार्टमेंटचा कोड वापरा, हा माझा ठाम सल्ला आहे. माणूस ओळखण्यासाठी पण तसंच, ईमेलवर जुळवू नका, न बदलणाऱ्या आयडीवर जुळवा, कारण आडनावं बदलतात आणि एकाच नावाचे दोघं येतात. कॉन्ट्रॅक्टर परमनंट झाला की एचआर त्याला नवीन एम्प्लॉयी आयडी देतं आणि टूलला वाटतं हा वेगळाच माणूस, मग दोन अकाउंट तयार होतात. यासाठी फॉर्ममध्ये जुना आयडी विचारणारा रकाना ठेवा.

एचआरकडून येणारी फाइल कधी अर्धवट आली तर काय होईल, हेही व्हेंडरला विचाराच. टूलला वाटेल अर्धी कंपनी सोडून गेली. त्यासाठी एका वेळी इतक्यापेक्षा जास्त अकाउंट काढायची असतील तर थांब, अशी मर्यादा असते. एंट्रा कनेक्टमध्ये (ऑफिसची डिरेक्टरी एंट्राला जोडणारं टूल) ती मुळात ५०० असते, म्हणजे तीनशे माणसांच्या कंपनीत तिचा काहीच उपयोग नाही, ती स्वतः कमी करून घ्यायची.

घ्यावं का म्हणाल तर महिन्याला मूठभरच माणसं येत असतील तर मोठ्या टूलच्या आधी कॉन्ट्रॅक्टरची यादी, तारीख आणि स्पॉन्सर एवढं नुसत्या शीटमध्ये नीट लावा, अर्धा फायदा तिथेच मिळतो. जास्त लोक असतील तर जरूर घ्या, आमच्या हेल्पडेस्कला आता सोमवारी सकाळी श्वास घेता येतो.

एक गोष्ट मात्र या टूलच्या आवाक्याबाहेर आहे. कॉन्ट्रॅक्टरने सर्व्हरवर टाकलेली एसएसएच की (पासवर्डशिवाय सर्व्हरवर शिरायची डिजिटल किल्ली), त्याने तयार केलेलं पर्सनल ॲक्सेस टोकन (पासवर्डऐवजी चालणारा कोड), टीममध्ये शेअर केलेला ॲडमिन पासवर्ड, यातलं काहीही डिरेक्टरीतलं अकाउंट बंद केल्याने जात नाही. सध्या स्पॉन्सरच्या चेकलिस्टमध्ये ते टाकलंय आणि सर्व्हरवरच्या की आम्ही हाताने तपासतोय. कमी मुदतीची एसएसएच सर्टिफिकेट देऊन हे सोडवायचा विचार चालू आहे, म्हणजे की काढायला कुणी विसरलं तरी ती आपोआप निकामी होईल. कुणी हे मोठ्या टीममध्ये चालवत असेल तर मुदत किती तासांची ठेवलीय आणि रात्री ड्यूटीवर असलेल्यांना त्रास होतो का, ते जरूर सांगा.