डॅशबोर्डखालचा छोटा स्कॅनर : शिकणाऱ्याच्या नजरेतून

आठशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, घेऊन सहा महिने झाले. त्याआधी मला बॉनेटखालचं फक्त वायपरचं पाणी भरायची जागा माहीत होती.

पावसात गाडी चढावर धक्के देऊ लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच “तिन्ही कॉइल बदला” सांगितलं. (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग; माझ्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक.) घरी येऊन स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला, फोनवर कोड आला : पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. पण दोष ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा, कॉइलचा की इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचा, हे कोड सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

इंजिन थंड झाल्यावर दहाच्या पान्याने बोल्ट काढला, पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरी पहिल्यावर लावली. कोड पुसून एक फेरी मारली. आता पी०३०२! दोष कॉइलबरोबर सरकला होता. एकच कॉइल बदलली, गाडी पुन्हा लोण्यासारखी चालते. त्या रात्री मला झोपच लागेना, इतका आनंद.

तक्रारी आहेत. जोडणी अधूनमधून तुटते. एअरबॅग, एबीएसचे कोड माझा स्कॅनर वाचत नाही. ब्रेक पॅड किती झिजले हे तर चाक काढूनच बघावं लागतं. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.